‘थिल्लर’ हा शब्द आणि तेरवीच्या दिवशीचे हसू

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी शिक्षिका असलेल्या एका भगिनीचे वडील दोन महिन्यांपूर्वी गेले. तेरवीला कीर्तन झाल्यावर गावातील चार मंडळी श्रद्धांजलीपर बोलली आणि शेवटी लेकीनेही दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. वडिलांना घरात आबा म्हणत. आबा मनगटावरचे घड्याळ कायम दहा मिनिटे पुढे ठेवीत, तरीही त्यांची सकाळची एस.टी. हमखास चुके, आणि घरी परत येऊन ते ठासून सांगत, ‘गाडीच आज येळेआधी गेली.’ लेकीने ही आठवण सांगितली, मांडवातले लोक हसले, आणि त्या ओघात ती बोलून गेली, ‘ह्या येळची गाडी मात्र आबांनी बरोबर गाठली.’ लोक पुन्हा हसले. पण आबांचे थोरले बंधू, ज्यांना सारे तात्या म्हणतात, भर मांडवात म्हणाले, ‘बस्स कर हा थिल्लरपणा. समर्थ उगंच नाही म्हणाले, टवाळां आवडे विनोद,’ आणि उठून गेले. तेव्हापासून ते पुतणीचा फोन घेत नाहीत. चुलत भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले आहेत. पत्रलेखिका विचारतात, की थिल्लर या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, आणि माझे बोलणे त्या अर्थात बसते का? बसत नसेल तर माफी कशाची मागायची? हेच माझा भाऊ बोलला असता, तर त्याला कुणी थिल्लर म्हटले असते का?

ताई,

आबांच्या तेरवीच्या दिवशी, सगळ्या भावकीसमोर, ज्यांच्या शब्दाला घरात मान आहे अशा माणसाकडून हा शब्द ऐकावा लागला, याचा सल तुमच्या पत्राच्या प्रत्येक ओळीत आहे. वडील गेल्याचे दुःख आणि अपमानाचे दुःख ही दोन्ही एकाच दिवशी वाट्याला आल्यामुळे तुम्हाला यातले एकही नीट भोगता आलेले नाही, असे मला पत्र वाचताना वाटत राहिले. तुम्ही शब्दाविषयी मनापासून विचारले आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. मात्र शब्दाचा निकाल लागला म्हणजे तात्यांशी असलेला प्रश्नही निकालात निघेल, हे तुमचे गृहीतक मला पुढे तपासावे लागणार आहे.

थिल्लर हे मुळात विशेषण नव्हते, ते नाम होते, आणि त्याचा अर्थ होता पाण्याचे लहानसे डबके. ज्ञानेश्वरीत हा शब्द याच अर्थाने येतो. प्राकृतात आणि जुन्या हिंदीत अशा डबक्याला छिल्लर, छीलर म्हणत, आणि आपला थिल्लर त्याच कुळातला दिसतो. ज्या पाण्यात पाऊल जेमतेम बुडते आणि जे चार दिवसांच्या उन्हाने आटून जाते, ते थिल्लर. पुढे हा शब्द पाण्यावरून माणसाच्या वागण्याकडे वळला, आणि ज्याच्या बोलण्यात खोली नाही, ज्याला कशाचेच गांभीर्य नाही, त्याच्या वागण्याला थिल्लरपणा म्हणू लागले. म्हणजे या शब्दात हसण्याविषयी मुळात काहीच नाही. तो आरोप आहे उथळपणाचा. एखादा माणूस तोंड लांब करून, डोळे पुसत, ऐकलेलीच चार ठोकळेबाज वाक्ये श्रद्धांजली म्हणून बोलून गेला, तर मूळ अर्थाने थिल्लर त्याचेच बोलणे ठरेल. आणि हसवणारी आठवण जर बापलेकीच्या चाळीस वर्षांच्या सहवासातून वर आलेली असेल, तर तिला हा शब्द लावता येणार नाही.

आपल्या बोलण्यात याच्या शेजारचे आणखी काही शब्द आहेत, आणि तात्यांच्या मनात थिल्लर म्हणताना त्यांपैकी नेमका कोणता होता, हे ओळखणे तुमच्या उपयोगाचे आहे. फाजील हा मूळ अरबी शब्द. अरबी-उर्दूत त्याचा अर्थ एकीकडे विद्वान, श्रेष्ठ असा, आणि दुसरीकडे जास्तीचे, वर उरलेले असा. मराठीने दुसरा अर्थ उचलला, म्हणून आपण फाजील आत्मविश्वास म्हणतो, फाजील लाड म्हणतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आणि उर्दूतला कारभार पाहिलेल्या आपल्या भागात तर तो घरोघरचा झाला. फाजीलपणा म्हणजे मर्यादा ओलांडून केलेली सलगी. तिथे उणीव खोलीची नसते, मापाची असते. मस्करीचे मूळही अरबीतच आहे. विदूषकाला, लोकांना हसवणाऱ्याला तिकडे मस्खरा म्हणत, आणि तो फारसीतून आपल्याकडे आला. चेष्टा हा संस्कृत शब्द, ज्याचा मूळ अर्थ केवळ हालचाल किंवा प्रयत्न. गीतेत ‘युक्तचेष्टस्य कर्मसु’ असे येते, ते याच अर्थाने. हावभाव करून कुणाची नक्कल करण्यावरून मराठीत तो टिंगलीपर्यंत येऊन पोहोचला. माणूस रागात असताना यातला जो शब्द हाताशी येतो तो फेकतो. तात्यांनी थिल्लर म्हटले असले, तरी त्यांना ‘तू मर्यादा ओलांडलीस’ असे म्हणायचे होते, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे पुढे येतील.

समर्थांच्या ओवीविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, कारण ती आपल्याकडे कुणाच्याही तोंडावर फेकली जाते. ‘टवाळां आवडे विनोद’ ही ओळ दासबोधाच्या सातव्या दशकात, श्रवणाचे निरूपण चालू असताना येते. कोणत्या स्वभावाच्या माणसाला काय ऐकायला आवडते, हे समर्थ तिथे सांगत आहेत. विनोद ज्याला आवडतो तो प्रत्येक जण टवाळ, असा नियम त्यांनी घालून दिलेला नाही. ज्याने मूर्खलक्षणांच्या समासात दोघे बोलत असताना मध्येच जाऊन बसणारा आणि दोन्ही हातांनी डोके खाजवणारा तिसरा रंगवला, त्या लेखकाला हसवणे वर्ज्य होते असे कसे म्हणणार? समर्थ जन्माने आपल्याच जांबचे, जालना जिल्ह्यातले. त्यांच्या जन्माच्या नऊ वर्षे आधी, १५९९ मध्ये, पैठणला नाथांनी देह ठेवला होता, आणि नाथांचे ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’ हे भारूड तुम्ही लहानपणापासून जत्रेत ऐकले असेल. त्यातली सासुरवाशीण देवीला काय मागते, ते आठवून पाहा. सासरा गावी गेला आहे, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला लवकर निर्दाळ. नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे. आणि दादल्याचाही बळी देईन, मला मोकळी कर. थोरामोठ्यांच्या मरणाचा नवस, तोही भवानीपुढे, आणि माणसे चारशे वर्षे त्यावर पोट धरून हसत आली आहेत. तरीही त्याला कुणी थिल्लर म्हणत नाही, कारण शेवटच्या चरणात ‘सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे’ म्हणताना त्या बाईचा नवस अध्यात्माचा होऊन जातो, आणि सासूसासरे ही माणसे न राहता जिवाला चिकटलेले पाश होतात. हसण्याच्या तळाशी एवढे पाणी असले, की ते डबके राहत नाही.

पण ताई, नाथांच्या भारुडाचा आधार देऊन मी तुम्हाला निर्दोष ठरवून मोकळा झालो, तर ते तुमच्यावर अन्याय करणारे होईल, कारण खोलीखेरीज आणखी एक कसोटी आहे आणि ती ठिकाणाची आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, स्मित आणि हसितापासून अतिहसितापर्यंत. त्यातल्या अपहसिताची खूण सांगताना भरत पहिला शब्द वापरतो ‘अस्थानहसित’, म्हणजे जागा नसताना आलेले हसू, आणि त्याच श्लोकात त्या हसणाऱ्याचे डोळे पाण्याने भरलेले आहेत असेही म्हणतो. रंगभूमीवरच्या नटासाठी लिहिलेले हे वर्णन आहे, त्याला नीतीचा नियम करू नये. तरी हसू कसे आहे याइतकेच ते कुठे आले आहे याचे भान या मातीत जुने आहे, एवढे त्यावरून कळते. भारूड जत्रेत होते, कीर्तनात होते. ज्या घरातला सासरा कालच गेला त्या घराच्या ओसरीवर ते कुणी म्हणत नाही.

आता तुमचे बोलणे. मी ते दोन भागांत पाहतो, आणि तुम्हीही तसे पाहावे असे सुचवतो. घड्याळ दहा मिनिटे पुढे ठेवणारे आणि तरीही एस.टी. चुकवणारे आबा, चूक आपली नाही गाडीची आहे असे घरात येऊन सांगणारे आबा, हे त्यांच्या जगण्याचे चित्र आहे. ते ऐकून जे हसले त्यांच्या डोळ्यांपुढे आबा काही क्षण जिवंत उभे राहिले असतील. त्या मांडवात कोण कोण काय बोलले हे वर्षभरात लोक विसरतील, पण हे घड्याळ विसरणार नाहीत. हा भाग थिल्लर नाही, कोणत्याही अर्थाने नाही, आणि त्यासाठी तुम्ही कुणाची माफी मागू नये.

शेवटचे वाक्य मात्र वेगळे आहे. ‘ह्या येळची गाडी मात्र आबांनी बरोबर गाठली.’ इथे विनोदाचा विषय बदलला. इतका वेळ तो आबांच्या सवयीवर होता, आता तो त्यांच्या मरणावर आला. सवयीवर हसण्याचा हक्क तुम्हाला त्या माणसाने स्वतः, रोज तुमच्यासमोर तसे वागून दिलेला होता. मरणाबद्दल असा हक्क कुणीच कुणाला दिलेला नसतो, आणि मांडवात बसलेला प्रत्येक जण त्या मरणापासून वेगवेगळ्या अंतरावर उभा असतो. शेजारगावच्या पाहुण्याला ते वाक्य चपखल वाटले असेल. ज्याने खांदा दिला त्याला तसे वाटेलच असे नाही. तुम्ही ते दुष्टाव्याने बोलला नाहीत. रडू दाबून बोलणाऱ्या माणसाला हसू आले की तो त्याच्या आधाराने आणखी एक पाऊल टाकतो, तसे ते निघून गेले. म्हणून त्याला थिल्लर म्हणणे मला पटत नाही. पण ते जागा चुकलेले वाक्य होते, असे तुम्हाला सांगणे मला भाग आहे.

आणि आता तुमच्याच पत्रातली एक ओळ. आजारपणाच्या हकिकतीत, दवाखान्यात कोण कोण होते हे सांगताना, तुम्ही ओझरते लिहिले आहे की आबांनी शेवटच्या रात्री दोनदा भावाची आठवण काढली, तात्या नांदेडहून निघाले, पण पोहोचायला त्यांना तासभर उशीर झाला. ताई, ज्याला स्वतःला शेवटची गाडी गाठता आली नाही, त्या थोरल्या भावाच्या कानावर ‘आबांनी गाडी बरोबर गाठली’ हे शब्द कसे पडले असतील? तुमच्या मनात हा संदर्भ नव्हता, यात मला शंका नाही. पण मांडवातल्या एकाच माणसाला तो लागू होत होता, आणि उठून गेला तोही तोच माणूस. तुम्ही दोन महिने शब्दकोशात आरोपाचा अर्थ शोधता आहात, आणि तो आरोप बहुधा आरोप नव्हताच. आपण वेळेवर पोहोचलो नाही हे चारचौघांत म्हणता न आल्यामुळे एका वृद्ध माणसाच्या तोंडून भलताच शब्द बाहेर पडला असावा. मी हे खात्रीने सांगू शकत नाही, ते फक्त तात्याच सांगू शकतील. पण त्यांच्याकडे जाताना हा विचार मनात ठेवून जावे, असे मला फार वाटते.

तुमच्या भावाविषयीचा प्रश्न मी बाजूला सारणार नाही, कारण तो खरा आहे. मुलीच्या मोकळ्या हसण्याला आपल्या घरांतून थिल्लर, वात्रट, उंडगे असे शब्द जितक्या सहजपणे चिकटतात, तितके ते मुलाच्या हसण्याला चिकटत नाहीत. तोच मुलगा दिलखुलास ठरतो. तुम्ही शिक्षिका आहात, वर्गातही हे पाहिले असेल. भाऊ बोलला असता तर तात्या कदाचित उठून गेले असते, पण हा शब्द त्यांनी वापरला नसता, असे मलाही वाटते. मात्र हा हिशेब आत्ता, या भेटीत मांडू नका. तो मांडण्यासारखा आहे, आणि कधीतरी मांडाच. पण शोकाच्या घरात तो मांडला तर तात्यांना त्यात फक्त उलट उत्तर ऐकू येईल आणि तुमचा मुद्दा वाया जाईल.

करण्यासारखे काय काय आहे, ते पाहू. एक वाट म्हणजे काहीच न करता वर्षश्राद्धापर्यंत थांबणे. काळाने राग निवतो असे आपण म्हणतो, पण भावकीतला अबोला जितका जुना होतो तितकी त्याला कारणे चिकटत जातात, आणि तात्यांचे वय पाहता मी ही वाट सुचवणार नाही. दुसरी वाट म्हणजे आईला किंवा एखाद्या आत्याला मध्ये घालणे. मध्यस्थाच्या तोंडून तुमचे बोलणे ‘पोरगी चुकली म्हणते’ एवढेच होऊन पोहोचेल, आणि जे तुम्ही चुकला नाहीत तेही पदरात पडेल. ग्रुपवर जाहीर माफी लिहिणे तर मुळीच नको. उलट तुमची बाजू घेणाऱ्या भावंडांना फोन करून सांगा, की माझ्या वतीने एक अक्षरही लिहू नका. तात्या ग्रुपवर नसले तरी त्यांच्यापर्यंत सगळे जात असणार, आणि ज्या माणसाला आधीच सगळे आपल्याला हसले असे वाटते आहे, त्याला आता सगळे आपल्याविरुद्ध बोलत आहेत असे वाटेल.

म्हणून नांदेडला जा. एकट्या जा, सकाळी जा, आणि शक्य असेल तर आबांचे ते घड्याळ बरोबर न्या. फोन ते घेत नाहीत, पण दारात आलेल्या भावाच्या लेकीला परत पाठवतील असे मला वाटत नाही. बसल्यावर शब्दाचा अर्थ काढू नका, नाथांचे भारूड काढू नका, ‘माझा तसा हेतू नव्हता’ या वाक्यानेही सुरुवात करू नका, कारण हेतू सांगू लागले की माणूस स्वतःविषयीच बोलू लागतो. एवढेच म्हणा: ‘तात्या, ते शेवटचं गाडीचं वाक्य मी बोलायला नको होतं. तुम्हाला लागलं, त्याची माफी मागते.’ त्या एका वाक्याचीच माफी मागा, सगळ्या बोलण्याची नको. मग त्यांना विचारा, की आबांनी शेवटच्या रात्री दोनदा तुमचे नाव घेतले होते, हे तुम्हाला कुणी सांगितले का? मला शंका आहे की हे त्यांना कुणीही सांगितलेले नाही. त्यानंतर ते रागावले, रडले किंवा गप्प बसले, तरी तुम्ही बसून राहा. ते बोलू लागले तर लहानपणीचे आबा कसे होते, गाड्या तेव्हापासूनच चुकत होत्या का, हेही विचारता येईल. पण ते हसवणे आता त्यांच्याकडून यावे, तुमच्याकडून नको.

अशाच प्रसंगी बोलायला उभे राहावे लागणाऱ्या इतर वाचकांनीही यातले थोडे घ्यावे. तेरवीला हसवू नये असे मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाच्या सवयी, त्याचे हट्ट, त्याची ठरलेली वाक्ये अवश्य सांगा, पण ती त्याच्या सगळ्यांत जवळच्या माणसाला आदल्या दिवशी एकदा ऐकवा. त्याचा चेहरा पाहिला की काय ठेवायचे आणि काय गाळायचे ते कळते. मरणाचा क्षण, आजारपण, दवाखान्याचा खर्च आणि वाटण्या यांवर विनोद नको, कारण त्या बाबतीत मांडवात कुणाचे काय राहून गेले आहे हे बोलणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. लिहून नेलेले संपले की खाली बसा. सुचलेले शेवटचे वाक्य बहुधा टाळ्या किंवा हशा मागणारे असते. आणि ऐकणाऱ्या ज्येष्ठांना विनंती, की खटकले तर त्या पोराला किंवा पोरीला संध्याकाळी जवळ बोलावून सांगा. भर मांडवात उच्चारलेला शब्द, त्याचा अर्थ काहीही असो, त्या माणसाच्या नावाला पुढे अनेक वर्षे चिकटतो.

तात्यांनी तुम्हाला दारातूनच परत पाठवले, तर तुमची माफी दोन ओळींत कागदावर लिहून काकूंच्या हाती द्या, शेवटच्या रात्रीची गोष्टही तीत लिहा, आणि पहिल्या दिवाळीला पुन्हा जा.